सिनसिनाटीत नवीन आलात? बाहेर जेवायला निघण्याआधी हे वाचा

क्रोगर, पी अँड जी, जीई किंवा युनिव्हर्सिटी, यांपैकी कशासाठी तरी तुम्ही सिनसिनाटीला आलात. मेसनला नाहीतर वेस्ट चेस्टरला अपार्टमेंट मिळालं, गाद्या आल्या, इंटरनेट लागलं, आणि आता शनिवारी संध्याकाळी जायचं कुठे असा प्रश्न आहे. फोनवर शोधलं की ओव्हर-द-राइन भागातली नवी, चकचकीत ठिकाणं पुढ्यात येतात. तिथे जरूर जा, पण सुरुवात तिथून करू नका. आधी या गावाचं जुनं, स्वस्त आणि जरासं विचित्र खाणं बघून घ्या. इथल्या हॉटेलांच्या बातम्या वाचताना पावलोपावली थ्री-वे, गेट्टा, फ्रेंच पॉट असले शब्द येतात, आणि ते माहीत आहेत असं धरूनच बातमी लिहिलेली असते.

खाली दिलेला क्रम माझा आहे. तुम्ही तो मोडलात तरी बिघडत नाही. फक्त दुसरी पायरी गाळू नका, विशेषतः घरात कोणी शाकाहारी असेल तर.

बरोबर काय ठेवायचं

- पासपोर्ट किंवा ओहायोचं ड्रायव्हिंग लायसन्स. दारू मागवायची तर वय २१ पूर्ण हवं आणि ते दाखवावं लागतं. केस पिकलेत म्हणून सूट मिळेल असं नाही. आधार कार्डाचा इथे उपयोग नाही.
- कार्ड, आणि थोडी रोख. चर्चमधल्या जेवणाला आणि टेबलावरच्या टिपेला रोख बरी पडते.
- लायब्ररीचं कार्ड. फुकट मिळतं. शहरातल्या वर्तमानपत्राला पैसे भरण्याआधी लायब्ररीत ते कसं वाचता येईल याची चौकशी करा.
- तुम्ही काय खात नाही, याची इंग्रजीतली एक वाक्यभर यादी, पाठ केलेली. नुसतं ‘व्हेजिटेरियन’ म्हटलं तर चिकनच्या पाण्यातलं सूप समोर येऊ शकतं. बीफ नको, पोर्क नको, चिकन नको, मासा नको, मांसाचा रस्साही नको, असं सुटं सुटं सांगा. वेटरला राग येत नाही, उलट त्याचं काम सोपं होतं.

१. पहिली भेट चिली पार्लरला

अमेरिकेत ‘चिली’ म्हटलं की टेक्साससारखी तिखट, दाट मांसाची भाजी डोळ्यांपुढे येते. सिनसिनाटीची चिली ती नव्हे. बारीक दळलेलं बीफ आधी परतत नाहीत, थेट पाण्यात मोकळं करून शिजवतात आणि त्यात दालचिनी, लवंग, ऑलस्पाइस असे मसाले घालतात. पहिल्या घासाला आपल्याकडच्या माणसाला गोड्या मसाल्याची ओळख पटते, आणि मग तो मसाला स्पॅगेटीवर काय करतोय असा प्रश्न पडतो.

उत्तर स्थलांतरितांच्या गोष्टीत आहे. किराजिएफ हे मॅसेडोनियातून आलेले दोन भाऊ. त्यांनी १९२२ साली डाउनटाउनमध्ये एम्प्रेस नावाच्या थिएटरशेजारी गाडा टाकला आणि त्यांच्या देशातल्या मसालेदार खिम्याच्या रश्शाला ‘चिली’ हे गिऱ्हाइकाला कळेल असं नाव दिलं. त्यांच्यामागून इतर आले. निकोलस लँब्रिनिडीस हे ग्रीक गृहस्थ. त्यांनी १९४९ मध्ये प्राइस हिलवर स्कायलाइन सुरू केलं. दुकानातून डाउनटाउनच्या इमारतींची रांग दिसायची, म्हणून हे नाव. गोल्ड स्टार ही दुसरी मोठी साखळी १९६५ ची, जॉर्डनहून आलेल्या दाऊद बंधूंची. या दोहोंत श्रेष्ठ कोण, हा वाद ऑफिसात काढायचा नाही. निदान प्रोबेशन संपेपर्यंत तरी.

ऑर्डर अशी करतात:

टू-वे म्हणजे स्पॅगेटीवर चिली. थ्री-वे म्हणजे त्यावर बारीक किसलेल्या चेडर चीजचा डोंगर. फोर-वेमध्ये कांदा किंवा राजमा यांपैकी एक वाढतो. कोणता ते सांगावं लागतं, ‘फोर-वे ओनियन’ किंवा ‘फोर-वे बीन’. फाइव्ह-वेमध्ये दोन्ही. याखेरीज कोनी म्हणून प्रकार आहे: छोट्या पावात हॉट डॉग, मोहरीची चटणी, चिली, कांदा आणि वर पुन्हा चीज.

बसल्या बसल्या पुढ्यात छोट्या गोल खारट बिस्किटांची वाटी येते. त्यांना ऑयस्टर क्रॅकर्स म्हणतात. त्यात शिंपल्यातलं काही नसतं, निर्धास्त खा. त्यावर तिखट सॉसचा थेंब टाकून खायची इथली पद्धत आहे. स्पॅगेटी मात्र काट्याला गुंडाळू नका. काट्याच्या कडेने कापत, थर न मोडता खायची. गुंडाळणारा माणूस बाहेरचा आहे हे तिसऱ्या टेबलावरूनही कळतं.

साखळीपेक्षा वेगळं बघायचं असेल तर कॅम्प वॉशिंग्टन चिली, हॉपल स्ट्रीटच्या कोपऱ्यावर. १९४० पासून आहे आणि २००० साली त्याला जेम्स बिअर्ड फाउंडेशनचा ‘अमेरिकाज क्लासिक्स’ हा मान मिळाला. पांढरे टेबलक्लॉथ आणि वाइन असलेल्या ठिकाणांना मिळणारी ही प्रतिष्ठा इथे काही डॉलरच्या ताटाला मिळाली आहे. नदीपलीकडे केंटकीत न्यूपोर्टला डिक्सी चिली १९२९ पासून आहे. बहुतेक पार्लरांत वेटर टेबलावर वाढतो, पण पैसे जाताना काउंटरवर द्यायचे असतात आणि टिप टेबलावर ठेवायची. बिलाची वाट बघत बसाल तर बसूनच राहाल.

२. मांस कुठे लपलेलं असतं ते ओळखा

ही पायरी शाकाहारी लोकांसाठी आहेच, पण जे कोंबडी-मासे खातात आणि गाय किंवा डुक्कर खात नाहीत त्यांच्यासाठी जास्त. आपल्याकडे असं खाणारे पुष्कळ असतात, आणि मेनूवर त्यांच्यासाठी वेगळी खूण नसते.

साध्या ‘चिली’त बीफ असणार हे गृहीत धरा. कोनीमधला सॉसेज वेगळा, वरची चिली वेगळी, दोन्हींत मांस. स्कायलाइनमध्ये चिलीच्या जागी काळे बीन्स आणि भात घालून थ्री-वे मिळते, ती शाकाहारी पाहुण्यांसाठी चांगली सोय. चव चिलीची नाही, पण चीजच्या डोंगराखाली मित्रांबरोबर एकाच टेबलावर बसता येतं.

गेट्टा हा शब्द मेनूवर दिसला की थांबा. ओट्स असल्यामुळे तो नाश्त्याचा निरुपद्रवी प्रकार वाटतो. तो डुक्कर आणि गाय यांच्या मांसाचा आहे. तसंच, मॅक्सिकन हॉटेलातले वाटलेले बीन्स डुकराच्या चरबीत, म्हणजे लार्डमध्ये, परतलेले असू शकतात, तेव्हा ‘लार्ड आहे का’ हे विचारायला लाजू नका.

३. सकाळी फिंडली मार्केट, आणि गेट्टा

एकोणिसाव्या शतकात सिनसिनाटीला ‘पोर्कोपोलिस’ म्हणत, इतका इथे डुकराच्या मांसाचा धंदा होता. आजही मे महिन्यातल्या मॅरेथॉनचं नाव ‘फ्लाइंग पिग’ आहे. जर्मन कामगार मांसाचे उरलेसुरले तुकडे स्टील-कट ओट्समध्ये शिजवत, म्हणजे थोडं मांस जास्त तोंडांना पुरे. थंड करून वडी पाडायची आणि तव्यावर दोन्ही बाजूंनी कुरकुरीत करायची, हा झाला गेट्टा. खाणार असाल तर ‘क्रिस्पी’ हवा असं आवर्जून सांगा. मऊ गेट्टा खाऊन मत बनवणं अन्याय आहे. सगळ्यात मोठा उत्पादक ग्लायर्स, नदीपलीकडे कव्हिंग्टनला, १९४६ पासून.

तो विकत घ्यायची जागा मात्र फिंडली मार्केट. १८५५ पासून सुरू असलेली ही मंडई ओहायोतली सर्वांत जुनी चालू सार्वजनिक मंडई आहे. आत लोखंडी खांबांच्या हॉलमध्ये खाटीक, चीजवाले, मसालेवाले. बाहेर शनिवार-रविवारी शेतकरी. सोमवारी बंद असते. पहिल्यांदा जाताना शनिवारची दुपार टाळा, गाडी लावायला जागा मिळत नाही. डाउनटाउनला नदीकाठी गाडी लावून ‘कनेक्टर’ ही ट्राम पकडा. ती २०१६ ला सुरू झाली, २०२० पासून भाडं नाही, आणि मंडईच्या दाराशी थांबते. बेसबॉलचा ‘ओपनिंग डे’ असेल त्या दिवशी मंडईची मिरवणूक निघते. त्या दिवशी भाजी आणायला जाऊ नका, मिरवणूक बघायला जा.

४. बिल, टॅक्स आणि टिप

मेनूवरची किंमत शेवटची नसते. हॅमिल्टन काउंटीत, म्हणजे शहरात, बसून खाल्लं तर वर ७.८ टक्के सेल्स टॅक्स लागतो. ओहायोत पार्सल घेतलेल्या अन्नावर हा टॅक्स नाही. काउंटरवर ‘फॉर हिअर ऑर टू गो’ विचारतात त्यामागे हेही एक कारण असतं. पार्सलबरोबर घेतलेल्या कोल्ड्रिंकवर मात्र टॅक्स लागतो. नदी ओलांडून केंटकीत गेलात की नियम बदलतात, तिथे सेल्स टॅक्स ६ टक्के.

टिपेबद्दल आपल्या लोकांत फार कुरकुर असते, म्हणून आकडा देतो. ओहायोत टिप मिळवणाऱ्या वेटरला मालकाने किमान वेतनाच्या निम्मी मजुरी दिली तरी चालते. २०२५ मध्ये ती तासाला ५.३५ डॉलर होती. टिप धरून किमान वेतन भरत नसेल तर फरक मालकाने द्यायचा, असा कायदा आहे, पण घर चालतं ते टिपेवर. टेबलावर वाढणारा माणूस असेल तर १८ ते २० टक्के द्या, आणि ते टॅक्सच्या आधीच्या रकमेवर मोजलं तरी चालतं. पटत नसेल तर काउंटरवरचं खा. टेबलावर दोन तास बसून दोन डॉलर ठेवून उठणं बरं दिसत नाही, आणि पुढच्या वेळी तुमच्यामागून येणाऱ्या भारतीय कुटुंबाला त्याचा त्रास होतो.

सहा-आठ जणांचा घोळका असेल तर बिलात आधीच ‘ग्रॅच्युइटी’ लावलेली असू शकते. ती ओळ वाचा, नाहीतर टिप दोनदा जाईल. कार्ड घेऊन गेलेला वेटर दोन कागद आणतो. एकावर टिप आणि एकूण रक्कम लिहून सही करायची, दुसरा तुमचा. आणि दहा जणांची दहा बिलं हवी असतील तर ते ऑर्डर देतानाच सांगा, जेवण झाल्यावर नाही.

५. आईस्क्रीम

ग्रेटर्स, १८७० पासून. ‘फ्रेंच पॉट’ नावाच्या लहानशा फिरत्या भांड्यात थोडं थोडं गोठवतात, त्यात हवा फार शिरत नाही, म्हणून ते जड आणि दाट लागतं. वितळलेलं चॉकलेट भांड्यात ओततात, ते गोठलं की फोडतात. त्यामुळे चॉकलेटचा एखादा तुकडा अर्ध्या बोटाएवढा निघतो. ब्लॅक रास्पबेरी चॉकलेट चिप घ्या. अंडं खात नसाल तर डब्यावरची घटकांची यादी आधी वाचा. ओकलीला १९०८ पासूनचं अ‍ॅग्लामेसिस आहे, संगमरवरी टेबलांचं. गप्पा मारायला मला ते जास्त आवडतं.

६. फेब्रुवारी-मार्चचे शुक्रवार

शहरात कॅथलिक लोकवस्ती मोठी. ईस्टरआधीच्या लेंटच्या काळात शुक्रवारी मांस वर्ज्य, म्हणून चर्चचर्चमधून ‘फिश फ्राय’ असतो. शाळेच्या जिमखान्यात लांब टेबलं, पाववाला तळलेला कॉड, कोलस्लॉ, मॅक अँड चीज, कोपऱ्यात घरगुती केक. धर्म कोणी विचारत नाही. दरवर्षी स्थानिक वर्तमानपत्रं आणि टीव्ही चॅनेलं कुठल्या चर्चमध्ये कधी, याची यादी देतात. ती जपून ठेवा. साडेपाचच्या आत पोचा. सुरमईच्या तुकडीची आठवण काढून उपयोग नाही, इथे मसाला मिठापाशी थांबतो. खिशात तिखटाची पुडी असली तर कोणी हरकत घेत नाही. शाकाहारींना मॅक अँड चीज आणि बऱ्याच ठिकाणी चीज पिझ्झा मिळतो. माझ्या मते इथल्या माणसांशी ओळख व्हायला याहून बरी जागा नाही. वाढणारे सगळे स्वयंसेवक असतात आणि बोलायला उत्सुक असतात.

मॅकडोनाल्ड्सचं फिले-ओ-फिश याच शुक्रवारांमुळे जन्मलं. मॉनफोर्ट हाइट्समधले फ्रँचायझीवाले लू ग्रोएन यांची विक्री लेंटमध्ये बसायची, म्हणून १९६२ मध्ये त्यांनी माशाचं सँडविच काढलं. कंपनीचे प्रमुख रे क्रॉक यांचा पर्याय होता अननसाचा काप आणि चीज घातलेला पाव. गुड फ्रायडेला दोन्ही विकून बघितले. अननस सपशेल हरला.

७. हॉटेलांच्या बातम्या कशा वाचायच्या

आता नव्या ठिकाणांकडे वळू. रोजच्या बातम्यांसाठी ‘सिनसिनाटी एन्क्वायरर’, शहरी चटपटीत मजकुरासाठी ‘सिटीबीट’, वर्षाच्या उत्तम रेस्टॉरंटांच्या यादीसाठी ‘सिनसिनाटी मॅगझिन’, आणि कुठली जागा कोणी भाड्याने घेतली याची कुणकुण सर्वांत आधी लागते ती ‘बिझनेस कुरिअर’मध्ये. इथल्या बातम्या नदीच्या दोन्ही काठांच्या असतात. कव्हिंग्टन आणि न्यूपोर्ट वेगळ्या राज्यात असले तरी जेवणाच्या बाबतीत एकच गाव.

काही गोष्टी दोन ओळींच्या मधून वाचायच्या असतात. ‘या वसंतात उघडणार’ असं छापलेलं ठिकाण वसंतात उघडेलच असं नाही. दारूचा परवाना, चिमणी, इमारतीची तपासणी, सगळं लांबतं. वाढदिवसाचा बेत त्यावर आखू नका. ‘सॉफ्ट ओपनिंग’ म्हणजे मेनू अपुरा आणि सेवा शिकाऊ. उत्सुकता असेल तर जा, पण सासू-सासरे बरोबर असतील तर महिनाभर थांबा. बंद पडण्याच्या बातम्या जानेवारीनंतर जास्त दिसतात, सणांची कमाई संपलेली असते. कोणी गिफ्ट कार्ड दिलं असेल तर ते ड्रॉवरमध्ये साठवू नका. दाराला कुलूप लागल्यावर ते कार्ड कोण वटवणार?

बातम्यांत ‘मेझोनेट’चं नाव सतत येईल. हे फ्रेंच रेस्टॉरंट २००५ ला बंद झालं. त्याआधी सलग ४१ वर्षं त्याला मोबिल गाइडचे पाच तारे होते. तिथले शेफ झाँ-रोबेर द काव्हेल १९९३ ला शहरात आले, पुढे त्यांनी स्वतःची अनेक ठिकाणं काढली, नव्या शेफांची एक पिढी घडवली, आणि २०२२ मध्ये ते वारले. एखाद्या नव्या शेफबद्दल ‘झाँ-रोबेरच्या किचनमधला’ असं लिहिलेलं दिसलं की ती शिफारस समजा.

स्वच्छतेची तपासणी सार्वजनिक असते, पण दारावर ए-बी-सी असं अक्षर लावलेलं नसतं. अहवाल आरोग्य खात्याच्या साइटवर बघायचा, आणि इथेच नवे लोक अडकतात: खातं शहर आणि काउंटीनुसार बदलतं. शहराच्या हद्दीतलं हॉटेल सिनसिनाटी हेल्थ डिपार्टमेंटकडे, हद्दीबाहेरची बरीच उपनगरं हॅमिल्टन काउंटीकडे, मेसन वॉरन काउंटीत, वेस्ट चेस्टर बटलर काउंटीत. पत्ता ‘सिनसिनाटी’ लिहिलेला असला म्हणून हॉटेल शहरात असेलच असं नाही. अहवालात ‘क्रिटिकल’ असा शेरा आहे का ते आधी बघा. फुटलेल्या फरशीपेक्षा फ्रीजचं तापमान महत्त्वाचं.

मोठ्या जत्रा दोन: मेच्या शेवटी मेमोरियल डेच्या सुट्टीत ‘टेस्ट ऑफ सिनसिनाटी’, १९७९ पासून, आणि सप्टेंबरात ऑक्टोबरफेस्ट. प्रवेश फुकट, खाणं विकत, ऊन भरपूर. जून महिन्यात फिनिटाउनच्या ग्रीक चर्चचा ‘पानेगिरी’ उत्सव असतो; पहिल्या पायरीतल्या चिलीचा मसाला कुठून आला हे तिथल्या ताटात कळतं.

८. घरचं सामान, आणि घरून विकायचा विचार

पोहे-साबुदाणा इंडियन ग्रोसरीत मिळतोच. तरीही एकदा फेअरफिल्डचं जंगल जिम्स बघा. १९७१ मध्ये रस्त्याकडेच्या भाजीच्या ठेल्यापासून सुरू झालेलं हे दुकान आता एकरांत मोजतात. भारताची स्वतंत्र बाजू आहेच, पण शेजारच्या फिलिपिनो आणि मेक्सिकन रांगांत केळीची पानं, कच्ची फणसं, सुके मासे बघत फिरण्यातच दुपार जाते. ईस्टगेटची शाखा हिंदू मंदिरापासून जवळ पडते, दर्शन आणि बाजार एका फेरीत होतो. यादी करून जा, नाहीतर गाडी चीजने भरते.

गणपती-दिवाळीला ‘तुझ्या हातची चव विकायला हवी’ असं कोणीतरी म्हणतंच. ओहायोच्या ‘कॉटेज फूड’ नियमांत नानकटाई, कुकी, काही वड्या-मिठाया, जॅम असे न नासणारे पदार्थ घरच्या स्वयंपाकघरात करून परवान्याशिवाय विकता येतात. पाकिटावर नाव, पत्ता, घटक, वजन, अ‍ॅलर्जीची नोंद आणि ते घरी बनवल्याची ठरावीक ओळ लागते, आणि विक्री ओहायोतच करायची. म्हणजे पुलापलीकडच्या न्यूपोर्टच्या मैत्रिणीला विकायचं नाही. वरण-भाजीचा डबा, श्रीखंड, पनीरची भाजी यात बसत नाही. लोणचंही नाही, ते आम्लावर टिकवलेलं अन्न धरतात. डबे द्यायचेच असतील तर परवाना असलेलं स्वयंपाकघर तासावर भाड्याने घ्या; फिंडली मार्केटच्याच ‘फिंडली किचन’मध्ये नव्या खाद्य-उद्योजकांसाठी ती सोय आहे. व्हिसा अवलंबित असेल तर एक पैसाही घेण्याआधी वकिलाला विचारा, कारण तो प्रश्न आरोग्य खात्याच्या हातातला नाही.